लुआने न दुमडलेलं पान

कोणी आजारी झाडाचं पान घेऊन आलं की लुआ त्याला आधी बसवायची, हिरव्या चहाचा पेला पुढे सरकवायची आणि विचारायची, "पाणी किती घालता?" समोरचा जे सांगेल ते तिला खोटं वाटायचं, आणि बहुतेक वेळा ते खोटंच असायचं. "रोज थोडं थोडं," असं कोणी म्हणालं की ती माझ्याकडे बघायची. "ऐकलंस नू? थोडं थोडं. म्हणजे कुंडीत बदकं सोडली तर पोहतील."

नू म्हणजे मी. लुआची बाग आणि माझी बाग शेजारी शेजारी, मध्ये कमरेएवढी विटांची भिंत. लाल नदीच्या बांधाबाहेर आमचं गाव, आणि गावात सगळ्यांचा धंदा एकच, क्वातचा. मोठ्या बोराएवढी केशरी संत्री लागणारं हे बुटकं झाड आम्ही कुंड्यांत आणि रांजणांत वाढवतो. तेत आला, म्हणजे आमचं नवं वर्ष आलं, की शहरातली माणसं ते मोटारसायकलच्या मागे बांधून घरी नेतात. त्यांना झाडावर पिकलेली फळं हवीत, हिरवी हवीत, फुलं हवीत आणि कोवळी फूटही हवी. फूट नसेल तर गिऱ्हाईक मान फिरवतं. आमच्या भाषेत कोवळ्या फुटीला आणि नशिबाला एकच शब्द आहे. बिनफुटीचं झाड घरात नेऊन वर्षभराचं वाटोळं कोण करून घेईल?

तेत संपला की हीच माणसं तोंड पाडून परत यायची. झाड गच्चीत ठेवलंय, पानं पिवळी पडतायत. कोणी पान खिशातून आणायचं, कोणी हेल्मेटमधून. एक बाई नुसता मोबाइलवर फोटो घेऊन आली. "जरा मागची बाजू दाखव," लुआ म्हणाली, आणि त्या बाईने खरंच फोन उलटा केला. ते आठवून आम्ही दोघी कितीतरी दिवस भिंतीवरून एकमेकींना बघून हसायचो.

चेष्टा करायची, पण पान हातात घेतलं की लुआ गप्प व्हायची. जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट पडली असली की म्हणायची, कुंडीचं भोक बुजलंय, मुळं पाण्यात कुजतायत. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या असल्या की, नळाचं पाणी बंद करा, त्यात चुना आहे, पावसाचं साठवून घाला. पान होडीसारखं वळलं तर तहान. टोकं करपली तर खत जास्त झालं, प्रेम कमी करा. पानावर नागमोडी चंदेरी रेघा दिसल्या तर आत अळी फिरून गेली, ती पानं तोडून टाका आणि निवांत झोपा. यातलं काहीच मरणाचं नसतं. तिच्या भाषेत हे सगळं 'भूक' या एकाच खात्यात जायचं. भूक आहे, खाऊ-पिऊ घाला, होईल बरं.

शेवटी मात्र ती प्रत्येक पान मधल्या शिरेवर दुमडायची आणि उजेडाकडे धरायची. भूक लागलेलं पान दोन्ही बाजूंनी सारखं पिवळं होतं. दुमडलं की डाग डागावर बसतो. पण एक रोग असा आहे की त्यात पानाची डावी बाजू उजवीला ओळख देत नाही. इकडे हिरवं ठिगळ, तिकडे पिवळं. तीळभर किडा असतो, पानावर ढुंगण वर करून बसतो, तो हा रोग एका झाडाचा दुसऱ्याला देतो. आणि अंडी घालतो ती फक्त कोवळ्या फुटीवर. जिथे नशीब फुटतं, नेमकं तिथे. या रोगाला औषध नाही. असं पान आलं की लुआ ते दुमडून दोनदा बघायची आणि म्हणायची, "जुळत नाही. जाळा." माणसं घासाघीस करायची, एखादी फांदी छाटली तर, थोडं औषध मारलं तर. ती पेला उचलून आत निघून जायची. एवढं तोडून बोलू नये असं मी तिला म्हणायचे. "गोड बोलले तर किडा थांबतो का?" ती म्हणायची.

तिचा नवरा दिएन. बोलायला महाग माणूस. दिवसभर त्याच्या तोंडून चार शब्द निघाले तर त्यातले दोन झाडांसाठी असायचे. लग्न झालं त्या वर्षी त्याने एक क्वात कलम करून तपकिरी रांजणात लावलं होतं. ते झाड त्याने कधी विकलं नाही. दरवर्षी मोठमोठ्या गाड्या घेऊन लोक यायचे, त्या रांजणाभोवती फेऱ्या मारायचे, आणि दिएन नुसती मान हलवायचा. नदीला पूर आला की होडीत आधी रांजण चढायचा, मग तांदूळ. "आणि मग मी," लुआ सांगायची, "तेही जागा उरली तर." सांगताना तिचा चेहरा फुललेला असायचा. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं कौतुक करायची तिची तेवढी एकच पद्धत होती.

एका उन्हाळ्यात दिएनचे डोळे पिवळे पडायला लागले, ते मी भिंतीवरून पाहिलं होतं. तो रांजणाजवळ बसून पानं पुसत होता आणि त्याने मान वर केली. मी लुआला म्हटलं, "ताई, भाऊंना दवाखान्यात ने."

"उन्हाळा बाधलाय त्याला. जेवत नाही नीट."

"डोळे बघितलेस का?"

"माझा नवरा आहे, मी बघणार नाही तर तू बघणार? भूक मेलीय त्याची. चार दिवस मुगाची पेज पोटात गेली की लागेल कामाला."

चार दिवसांची पेज पुढेही चालूच राहिली. कडू पाल्याचा काढा झाला, बदकाचं सूप झालं. दिएन प्रत्येक वाटी रिकामी करायचा, कारण ती समोर बसून असायची, आणि तिची पाठ वळली की मोरीवर जाऊन ओकायचा. शेवटी त्याला शहरात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पोट दाबून, फोटो काढून सांगितलं की यकृतात गाठ आहे आणि आता काही करण्यासारखं उरलेलं नाही. लुआने एकच विचारलं, महिन्यापूर्वी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ते 'सांगता येत नाही' ती घरी घेऊन आली.

तेतपासूनच्या पाचव्या महिन्यात, भर उन्हाळ्यात, आम्ही झाडांना मुद्दाम छळतो. कुंडीतून मुळांसकट उपसून सावलीत उघडी टाकतो. पानं मलूल होतात, झाड मरायला टेकतं, मग परत लावून पाणी दिलं की घाबरून भरभरून फुलतं. तेतला फळ धरायचं तर दुसरा उपाय नाही. दिएन गेला तेव्हा लुआची सगळी बाग अशी उपसून आडवी पडली होती. तिरडी त्या मलूल झाडांमधून गेली.

आमच्याकडे घरचा धनी गेला की झाडांनाही कळवावं लागतं. प्रत्येक बुंध्याला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधायची आणि सांगायचं की मालक गेले, तुम्हीही सुतक पाळा. नाही बांधली तर झाडं दुःखाने झुरून मरतात, असं म्हणतात. पण क्वातवाल्यांची त्यात अडचण होते. तेतला पांढरी पट्टी लावलेलं झाड कोण घरात नेणार? म्हणून गावाने फार पूर्वी पळवाट काढलेली आहे. सगळ्यांत वडील झाडाने सगळ्यांच्या वतीने पट्टी बांधायची. आणि ती बांधलेली असेपर्यंत, म्हणजे तिसऱ्या वर्षी सुतक फिटेपर्यंत, त्या झाडाला कोयता लावायचा नाही, ते जागेवरून हलवायचं नाही.

गावातले सगळ्यांत म्हातारे ताओआजोबा पट्टी घेऊन आले. लुआने ती रांजणातल्या झाडाला बांधली. एरवी असल्या गोष्टींची ती टर उडवायची, झाडाला कान असते तर आमच्या नवरा-बायकोच्या भांडणाने कधीच वाळलं असतं, असं म्हणायची. त्या दिवशी काही बोलली नाही.

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता रांजणातलं झाड पिवळं पडायला लागलं. आधी एक फांदी, वरची. मी माझ्या बाजूने पाणी घालत होते. पानं पिवळी होती, पण सरळ पिवळी नव्हती. ठिगळं होती. माझ्या हातातली झारी तशीच वाहत राहिली आणि माझी चप्पल भिजली.

"ताई, ती वरची फांदी बघितलीस?"

"बघितली. जुना रांजण आहे, माती दमलीय. भूक आहे."

पुन्हा तोच शब्द. तिने वरची माती खरवडून नदीचा गाळ भरला. पावसाचं पाणी मडक्यात साठवून त्या एका झाडाला घातलं. सोयाबीन कुजवून त्याचं पाणी दिलं, त्या वासाने अख्खी गल्ली नाक धरून जायची. लोहाचं खत आणलं, पानांवर फवारलं. भूक लागलेल्या झाडाला जे जे द्यायचं ते सगळं दिलं. फक्त त्याचं पान तोडून दुमडलं नाही.

आणि तिकडे ओट्यावर शहरातल्या लोकांची पानं ती रोज दुमडत होती. रांजण तिथून दिसायचा. ती त्याच्याकडे पाठ करून बसायला लागली होती. पूर्वी ती तोंड करून बसायची.

ताओआजोबांचं म्हणणं निराळंच. "पट्टी बांधलीस, पण मोठ्याने सांगितलंस का? दिएन हळू बोलायचा, त्याच्या झाडाला हळू बोललेलं कळेल म्हणा. तरी पण."

मला वाटलं ती त्यांना आता झाडणार. ती उठली, रांजणाजवळ गेली आणि चारचौघांच्या देखत मोठ्याने म्हणाली, "तुमचे मालक गेले. ऐकू आलं का? गेले ते." मग आवाज फुटला आणि ती बाही तोंडाला लावून उभी राहिली. मला तिची कीव आली आणि रागही आला. कारण हे दुःख नव्हतं, तो रोग होता, आणि तिला तो माझ्यापेक्षा चांगला ओळखता येत होता.

एकदा मी बोललेच. "ताई, एक पान तोडू का मी?"

"सुतकातलं झाड आहे. हात लावायचा नाही."

"कोयता लावायचा नाही. पानाचं कोणी म्हटलेलं नाही."

"नू, तुझी झाडं बघ. तुझ्या झाडांना फूट कुठेय यंदा? तुझ्या नशिबाची काळजी कर."

मला ते लागलं. आम्ही कितीतरी दिवस बोललो नाही. भिंत कमरेएवढीच होती, पण ती आली की मी वाकून काहीतरी उपटत बसायचे. मला जाऊन गावाला सांगता आलं असतं. गावाने येऊन झाड जाळलं असतं, सुतक असो नसो. पण नवरा मेलेल्या बाईच्या दारात माणसं घेऊन जायला माझे पाय उठले नाहीत. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, कदाचित असेलही भूक.

माझ्या झाडांना फूट आली. त्या वर्षी फार सुंदर आली. भिंतीलगतच्या झाडाला तर सगळ्यांत जास्त, आणि गिऱ्हाईकं लांबूनच त्याच्याकडे बोट दाखवायची. तेतला महिना राहिला होता. फळं केशरी व्हायला लागली होती, लुआची बागही लगडलेली होती, आणि यंदा तरी लोक सुतकाच्या घरचा माल घेतील अशी तिला आशा होती. मागच्या तेतला तिच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. त्याच आठवड्यात माझ्या त्या झाडावर, फळांच्या मागे दडलेलं, मला ते पान सापडलं.

मी दुमडलं. उजेडाकडे धरलं. मला काय दिसलं ते मला कळलं, पण मी स्वतःवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. ते मुठीत धरून मी पुढच्या दाराने तिच्या ओट्यावर गेले, गिऱ्हाइकासारखी.

तिने मला बसवलं. चहा पुढे केला. इतक्या दिवसांनी आलीस वगैरे काही नाही. "पाणी किती घालतेस?" तिने विचारलं, आणि किंचित हसली. बोलणं सुरू करायची ती तिची तऱ्हा होती. मला हसता आलं नाही. मी मूठ उघडली.

तिने पान घेतलं, दुमडलं, उजेडाकडे धरलं. परत उघडलं, परत दुमडलं. "जुळत नाही," ती म्हणाली, सवयीने, इतर शंभर जणांना म्हणाली होती तशी. "जाळायला सांग. कोणाचं आहे?"

"माझं. भिंतीजवळचं."

तिच्या हातातलं पान तसंच राहिलं. रस्त्यावर कोणीतरी मोटारसायकलवर झाड बांधत होतं, दोरी आणखी आवळ म्हणून ओरडत होतं. ती उठली आणि रांजणाकडे गेली. मी मागे गेले. पांढरी पट्टी ऊनपावसाने मळकी झाली होती. तिने हाताला येईल ते पान तोडलं आणि दुमडलं. उजेडाकडे धरलंच नाही.

"तिकडून इकडे आला की इकडून तिकडे, कोण सांगणार," मी म्हटलं. मला दुसरं काय बोलावं सुचेना. "किडा काही विचारून उडत नाही."

"पावसाळा सरतानाच जाळलं असतं तर?"

"सांगता येत नाही," मी म्हणून गेले, आणि शब्द बाहेर पडल्यावर मला आठवलं की ते कोणाचे होते.

ती रांजणाच्या काठावर बसली. "त्याचे डोळे पिवळे झाले ना नू, त्याच दिवशी मला कळलं होतं. तू सांगायच्या आधी. भूक अशी नसते. भूक मी ओळखते." ती त्या पानाच्या घडीवरून नख फिरवत होती. "आणि हेही पहिल्या पानालाच कळलं होतं. दुमडलं असतं तर तोंडाने म्हणावं लागलं असतं. एकदा म्हटलं की ते खरं होतं."

मी तिच्याजवळ बसले. तिचा हात हातात घ्यावासा वाटत होता आणि माझी बाग तिच्यामुळे जाणार असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं. मी हात घेतला नाही.

मग आम्ही दोघींनी दोन्ही बागा बघितल्या. झाडामागून झाड, पान तोड, दुमड, पुढे जा. माझी अर्ध्याहून जास्त जुळली. तिची जवळजवळ एकही नाही. वरून सगळी झाडं तेतसारखीच दिसत होती, पिकलेली फळं, हिरवी फळं, फुलं, फूट, कशाची कमी नव्हती. बांधावरून जाणारी माणसं थांबून बघत होती आणि एकाने तर भाव विचारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताओआजोबांना निरोप गेला. जाळण्याआधी सुतक सोडवावं लागेल, म्हणून ते कात्री घेऊन आले. लुआने त्यांच्या हातातली कात्री घेतली, पण पट्टी कापली नाही. घरातून दिएनच्या सुतकातलं उरलेलं पांढरं कापड आणलं आणि त्याच्या चिंध्या फाडायला लागली.

"हे काय आता?" आजोबा म्हणाले. "एकाने बांधलं म्हणजे सगळ्यांनी बांधलं. रीतच आहे तशी."

"विकायची होती म्हणून तशी रीत. आता विकायची नाहीत. तर ज्याचं त्याला बांधू दे."

म्हाताऱ्याने काठी भिंतीला टेकवली आणि तेही खाली वाकून बांधायला लागले. मी माझ्या न जुळलेल्या झाडांना बांधल्या. बांधावर गिऱ्हाइकांची गर्दी होती, तेतची खरेदी जोरात होती. केशरी फळांनी लगडलेल्या अख्ख्या बागेला पांढऱ्या पट्ट्या बघून माणसं गाड्या वळवून जायला लागली. एका बाईने लेकराचे डोळे झाकले.

ओलं क्वात लवकर पेटत नाही. रॉकेल ओतावं लागलं. पेटल्यावर फळांच्या सालीतलं तेल तडतडायला लागलं आणि तेतला करतात त्या क्वातच्या मुरांब्याचा वास सगळ्या गावात पसरला. रांजणातलं झाड लुआने सगळ्यांत शेवटी टाकलं. रांजण रिकामा झाल्यावर आत हात घालून तिने माती चाचपून बघितली, ओली आहे का ते.

माझी उरलेली झाडं त्या तेतला कोणी घेतली नाहीत. पुढच्या वर्षी परत लावली, गावातल्या सगळ्यांनी मला रोपं दिली. लुआलाही देत होते, तिने घेतली नाहीत. तिच्या बागेत आता कोबी आहे.

लोक मात्र अजून तिच्याकडे येतात, पानं घेऊन, खिशातून, हेल्मेटमधून. ती त्यांना बसवते, चहा देते. पाणी किती घालता हे विचारत नाही. पान हातात घेते, वरून बघते, दुमडत नाही.

"भूक आहे," ती सांगते. "खाऊ घाला, होईल बरं."

माणसं खूश होऊन जातात. मी भिंतीच्या या बाजूने ऐकत असते आणि मध्ये पडत नाही.